विमान निवडा, कंपनी नंतर

आज समोर बसलेल्यांत निम्मे आईवडील आहेत आणि निम्मी त्यांची मुलं, त्यामुळे मला दोन्हीकडून बोलावं लागणार. प्रश्न एकच आहे. बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलेला मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला पायलट व्हायचंय. चालेल. पण इंडिगोच्या एअरबसची वाट बघायची, की बेळगाव, कोल्हापूर, नांदेडला जाणाऱ्या छोट्या विमानात बसून तिथेच आयुष्य काढायचं? 'तिथेच आयुष्य काढायचं' म्हटलं की घरात लगेच चेहरे पडतात. ते का पडतात आणि पडावेत का, एवढंच बघू.

आधी एक गंमत. सैन्यात कॅप्टन म्हणजे पोरसवदा अधिकारी, खांद्यावर तीन तारे आणि मेससाठी भाजी आणायचं कामही त्याच्याच गळ्यात. विमान कंपनीत कॅप्टन म्हणजे चार पट्टे आणि विमानातला शेवटचा शब्द. पण या दोन कॅप्टनांची गाठ आपल्या बंगळूरातच पडली. कॅप्टन गोपीनाथ सैन्यातून लवकर बाहेर पडले, शेती केली, हेलिकॉप्टर सेवा चालवली आणि 2003 मध्ये एअर डेक्कन सुरू केली. एटीआर विमानं, छोटी गावं, स्वस्त तिकीट. त्या वर्षी तिथे लागलेल्या तरुण पायलटचा विचार करा. 2007-08 मध्ये कंपनी किंगफिशरकडे गेली, आणि ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली. नऊ वर्षांत त्याच्या पगाराच्या कागदावरचं नाव बदललं आणि शेवटी कागदच थांबला. महिनोन्‌महिने पगार नाही म्हणून तिथले लोक संपावर गेले होते, ते तुम्हाला आठवत असेल. आणि हे फक्त छोट्यांचं होतं असं नाही, एप्रिल 2019 मध्ये जेटही थांबली.

दुसरं उदाहरण नांदेडचं. 27 एप्रिल 2017 ला उडान योजनेतलं पहिलं विमान शिमल्याहून दिल्लीला गेलं, त्याच दिवशी नांदेड-हैदराबादलाही हिरवा झेंडा मिळाला. कंपनी ट्रूजेट. 2022 च्या सुरुवातीला ट्रूजेटची उड्डाणं बंद झाली. दोनेक वर्षांनी स्टार एअर आली आणि नांदेड पुन्हा बंगळूरला जोडलं गेलं. प्रवाशाच्या दृष्टीने गोष्ट गोड झाली. पण मधली दोन वर्षं गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्या पायलटने काय करायचं?

यामागचं गणित समजून घ्या. उडानमध्ये ठरावीक जागांचं भाडं बांधलेलं असतं. तासाभराच्या प्रवासाला साधारण 2500 रुपये, असं ते सुरू झालं. तूट सरकार भरून देतं, आणि त्या मार्गावर तीन वर्षं दुसरा कोणी येत नाही. तीन वर्षं संपली की विमान स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. सिंधुदुर्गचं चिपी विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालं, मुंबईचं विमान आलं, आणि 2024 मध्ये ती सेवा थांबली. म्हणजे जिथे तुमची नोकरी आहे तो मार्ग एका अर्थी तीन वर्षांच्या पोस्टिंगवर असतो. कोरमंगल्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आपल्या गल्लीत दर तीन वर्षांनी कुठल्या तरी स्टार्टअपची पाटी बदलते. छोटी एअरलाइन ही तशीच एक स्टार्टअप, फक्त पंखांची.

मग नको का? मी तसं म्हणत नाही. माझं मत आहे की एटीआरवरची नोकरी दुय्यम नाही. ती मोठ्या विमानापर्यंत जायची शिडी म्हणूनच बघायची, ही सवय चुकीची आहे. सत्तर-पंचाहत्तर माणसं, दिवसाला चार-पाच लँडिंग, बरीचशी अशा धावपट्ट्यांवर जिथे आयएलएस नाही, पावसाळ्यात घाटावरचे ढग अंगावर. लांब पल्ल्याचा पायलट रात्रभर उडून एकदाच उतरतो. हात कुणाचा तयार होईल, तुम्हीच सांगा.

पण तिथे टिकायचं तर माझा पहिला नियम असा, की कंपनीच्या आधी विमान निवडा. पायलटला प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळं टाइप रेटिंग घ्यावं लागतं, आणि तो खर्च बऱ्याचदा आपल्याच खिशातून जातो. आज देशात एटीआर इंडिगोकडे आहे, अलायन्स एअरकडे आहे, गोव्याच्या मोप्याहून मार्च 2024 पासून उडणाऱ्या फ्लाय 91 कडे आहे. एक बंद पडली तर तेच रेटिंग घेऊन दुसऱ्या दारात उभं राहता येतं. एम्ब्राअर हे सुंदर जेट आहे, त्यात बसायला मलाही आवडतं. पण ते नियमित सेवेत चालवणारं दार सध्या जवळजवळ एकच, कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर. त्यांची वाढ चांगली आहे. तरीही एका दाराची खोली भाड्याने घेताना माणूस दोनदा विचार करतो.

दुसरी गोष्ट कर्जाची. कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात. गोंदिया, बारामती, धुळे, आपलं जक्कूर किंवा परदेश, कुठेही करा, टाइप रेटिंग धरून आजकाल आकडा पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. फी भरण्याआधी एक काम करा, जे लोक उलट्या क्रमाने करतात. आधी वैद्यकीय तपासणी. क्लास टू, मग क्लास वन. एचएएलच्या जुन्या विमानतळाजवळ इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन आहे, इथून रिक्षाने जाता येईल. रंग ओळखण्यात किंवा हृदयाच्या आलेखात काही निघालं तर पन्नास लाख वाचतील. ही तपासणी नोकरीभर परत परत होत राहते. म्हणून लायसन्स गमावल्याचा विमा कंपनी देते का, हे पगाराच्या आधी विचारा.

आईवडिलांनो, गावाकडची जमीन किंवा हा फ्लॅट गहाण टाकून हे करू नका. अर्धे पैसे घरचे, अर्धं कर्ज, आणि नोकरी मिळेपर्यंत दोन वर्षांचे हप्ते बाजूला काढलेले, एवढं जमत असेल तर पुढे जा. लायसन्स हातात घेऊन रिकामी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. चोविसाव्या वर्षी त्यांच्या बोलण्यात निवृत्त माणसाचा थकवा येतो.

आता तासांचा हिशेब. एटीपीएलला 1500 तास हवेत. वर्षाला 700 तास धरले तर उरलेले 1300 भरायला दोन वर्षं. कॅप्टनची खुर्ची त्यानंतर, कंपनीच्या गरजेनुसार. वाढत्या छोट्या कंपनीत ती लवकर मिळते, आणि तिथे थांबण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. उडता येतं पासष्टाव्या वर्षापर्यंत, म्हणजे तिशीत कॅप्टन झालेल्याला पस्तीस वर्षं आहेत. मला ती कुणी दिली असती तर मी मोजत बसलो नसतो.

सोडून जाणं मात्र आयटीसारखं नाही. 2017 च्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस. त्यावर कंपनीचा बॉण्ड वेगळा. सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवा, काकांच्या ओळखीच्या पायलटला नव्हे.

आणि घर. तळ बंगळूर असेल तर बायको किंवा नवरा इथल्या नोकरीत, मुलं एका शाळेत, रात्री बऱ्याचदा स्वतःच्या अंथरुणात. तळ हलला तर सगळं हललं. फौजी कुटुंबांना हे पाठ असतं, कारण हलवणारं सरकार असतं आणि क्वार्टरही तेच देतं. इथे क्वार्टर नाही. म्हणून मुलाखतीत शेवटी तुम्हाला 'काही विचारायचंय का' म्हणतील तेव्हा लाजू नका. विचारा, तळ किती वर्षं इथे राहील, या तळावरच्या किती मार्गांचं अनुदान कधी संपतंय, आणि विमानं भाड्याची असतील तर करार कुठवर आहे. उत्तर कसं देतात तेही बघा.

बाकी प्रश्नोत्तरांत बोलू. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाच हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करू.