यंत्रामागची माणसं



कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशन सुचवलं, की घरचे विचारतात, "देणार कोण?"
एकटे डॉक्टर नव्हे. अख्खी टीम.

किरणोपचार तज्ज्ञ सीटी स्कॅनवर गाठीची सीमा आखतात.
किरण किती द्यायचे, कोणता अवयव जपायचा, हे तेच ठरवतात.

पुढचं काम वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचं.
रुग्णाला तो सहसा दिसतच नाही.
पण किरण कोणत्या कोनातून जातील, हे गणित तो मांडतो.
यंत्र ठरल्याइतकेच किरण देतं ना, हेही तपासतो.
मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात असे तज्ज्ञ घडवले जातात.

रोज भेटतो तो टेक्नॉलॉजिस्ट.
तोंडाच्या कॅन्सरसाठी तो जाळीदार प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करतो.
ते चेहऱ्यावर ताणून बसवतो.
काही मिनिटांत त्याचा घट्ट मुखवटा होतो.
मग डोकं हलत नाही.
बहुतेकांना इथेच धडकी भरते, आणि त्यात नवल नाही.
श्वास मात्र जाळीतून नीट घेता येतो.
किरण सुरू होण्याआधी टेक्नॉलॉजिस्ट खोलीबाहेर जातो.
तरी कॅमेऱ्यातून त्याची नजर रुग्णावरच असते.
हात हलवला, की तो यंत्र थांबवतो.

तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशनआधी दंतवैद्यही बघतात.
रेडिएशननंतर दात काढला, तर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो.
गिळवेना झालं, तर आहारतज्ज्ञ आहेत.
त्वचा लाल झाली, तर नर्स आहे.

म्हणजे, पुन्हा सांगायचं तर, अख्खी टीम.

आणि हो, किरणांची जागा दाखवणाऱ्या अंगावरच्या खुणा पुसट झाल्या, तर घरी पेनाने गिरवू नका.
टेक्नॉलॉजिस्टला सांगा.