वाढत्या वयातील मनाचा ताण आणि शिक्षकाचे काम

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ येथे शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



माझ्याकडे जो विषय सोपविण्यात आला आहे, त्याचा तास वेळापत्रकात नाही. परंतु तो प्रत्येक वर्गात रोज हजर असतो. वाढत्या वयातील मुलामुलींच्या मनावर पडणारा ताण व तो सांभाळावयास त्यांना शिकविणे, हा तो विषय होय.

हा प्रश्न हायस्कुलाचा आहे, प्राथमिक शिक्षकांचा त्याशी संबंध काय, अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु आपल्या अनेक शाळा आठवीपर्यंत आहेत. सहावी ते आठवीतील मूल अकरा ते चौदा वर्षांचे असते आणि किशोरावस्थेला आरंभ होतो तो याच वयात. १० ते १९ वर्षे वयाच्या दर सात जणांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे प्रमाण साऱ्या जगाचे आहे; ते प्रत्येक गावाला जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. तरी पस्तीस पटाच्या वर्गात त्या हिशेबाने पाच मुले येतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

प्रथम ताण म्हणजे काय ते पाहू. हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाला चालना मिळाली. संकट समोर दिसताच शरीर त्याला तोंड देण्यास सज्ज होते. छाती धडधडते, श्वास जलद होतो, हातापायांना घाम सुटतो. साप दिसला असता ही तयारी उपयोगी पडते. पण संकट जेव्हा महिनोन्‌महिने घरातच असते, तेव्हा ती तयारी उतरत नाही. आणि झोप, भूक व स्मरण या तिन्हींवर तिचा परिणाम होतो. घोकलेले आठवत नाही असे मूल सांगते, तेव्हा ते नेहमीच आळसाने तसे सांगत नसते.

याचा अर्थ ताण मुळीच नसावा असा नव्हे. गाडीवानाने कासरा अगदी सैल सोडला तर बैल वाट सोडतात. फार आवळला तर त्यांना पाऊल टाकवत नाही. थोड्या ताणाने मूल अभ्यासाला बसते, अति ताणाने तेच मूल पुस्तक उघडेनासे होते. शिवाय या वयात भावना लवकर उसळतात, आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग तर विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. म्हणून तेरा वर्षांच्या मुलाचा उद्धटपणा किंवा मुलीचे क्षुल्लक कारणावरून रडणे यांकडे केवळ स्वभावदोष म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही.

आता आपल्या परिसराकडे वळू. राजूरची ओळख कोळसा आणि चुनखडी यांच्यामुळे झाली. खाणीत पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या घरी रात्र व दिवस यांची अदलाबदल होत असते. सभोवतालच्या खेड्यांत जीवन कापसावर व सोयाबीनवर अवलंबून आहे; पाऊस लांबला की ती चिंता चुलीपर्यंत येते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्य योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. त्या आपत्तीची चर्चा कर्ज, भाव आणि सिंचन या अंगांनी पुष्कळ झाली. मात्र ज्या घरावर असा घाला पडला, त्या घरचे मूल काही दिवसांनी पुन्हा आपल्याच वर्गात येऊन बसते, आणि त्याच्याशी काय बोलावे हे कोणास सुचत नाही. वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहणारी मुलगी, वडिलांच्या व्यसनाची लाज बाळगणारा मुलगा, घरी एक भाषा व शाळेत दुसरी बोलणारे मूल, ही सर्व आपल्या परिचयाची आहेत. त्यांत पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून पुन्हा महत्त्वाच्या झाल्या आहेत.

मग शिक्षकाने काय करावे? येथे एका प्रयोगाची माहिती आपणांस देणे अगत्याचे वाटते. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सत्तरांहून अधिक शाळांत 'सेहेर' नावाचा उपक्रम राबविला. काही शाळांत हे काम त्यासाठीच नेमलेल्या व शिकविलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी केले, तर काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतंत्र कार्यकर्ता असलेल्या शाळांतील वातावरण सुधारले, मुलांतील उदासी व दांडगाई कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत मात्र तसा लाभ दिसला नाही.

हे ऐकून आपण खट्टू होऊ नये. जो गुण देतो, हजेरी मांडतो, शिक्षा करू शकतो, त्याच्यापाशी मन उघडे करणे मुलाला जड जाते, हे स्वाभाविक आहे. त्यातच शिक्षकाच्या माथी इतर कामांचा भार किती असतो, हे मी आपणांस सांगावयास नको. या प्रयोगावरून मी एवढाच बोध घेतो की, शिक्षकाने वैद्य किंवा समुपदेशक होण्याचा आव आणू नये. त्याचे काम निराळे आहे, आणि ते दुसरे कोणी करू शकत नाही. मुलाला वर्षभर, दररोज, इतर तीस-पस्तीस मुलांच्या शेजारी ठेवून पाहणारी व्यक्ती गावात शिक्षकाखेरीज कोण आहे? म्हणून ओळखणे, ऐकून घेणे, शाळेचा स्वतःचा जाच कमी करणे आणि योग्य ठिकाणी पोहोचविणे, ही चार कामे मी त्याची मानतो.

ओळखण्याची खूण म्हणजे बदल. जात्याच अबोल असलेल्या मुलाची चिंता नको. पण बोलके मूल दोन-तीन आठवडे गप्प राहू लागले, खेळातून अंग काढू लागले, वारंवार पोट किंवा डोके दुखते म्हणू लागले, सुवाच्य अक्षर एकाएकी बिघडले, वर्गात झोप येऊ लागली, तर चौकशी करावी. त्रास देणाऱ्या मुलाकडे आपले लक्ष आपोआप जाते. मुकाट्याने मागे पडणाऱ्या मुलीकडे ते मुद्दाम द्यावे लागते.

ऐकून घेताना वर्गासमोर विचारू नये. फळा पुसावयास किंवा वह्या उचलावयास थांबवून, सहज, दोन शब्द बोलावेत. "आमच्या वेळी यापेक्षा कठीण दिवस होते" हे वाक्य टाळावे. त्याने मुलाचे बोलणे तेथेच संपते. ऐकलेले शिक्षकांच्या खोलीत चर्चेस आणू नये. मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल तर गुप्तता राखता येत नाही, आणि लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. म्हणून "कोणालाच सांगणार नाही" असे वचन आधी देऊ नये.

तिसरे काम आपल्या घरचे आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने मनाई केली आहे. छडी बहुतेक ठिकाणी गेली. टोपणनाव, जातीवरून वा वडिलांच्या धंद्यावरून टोमणा, सर्वांसमक्ष गुणांचे वाचन, ही गेली काय, याचा प्रत्येक शाळेने विचार करावा.

याच्या जोडीस ताण सांभाळण्याच्या साध्या सवयी सर्व वर्गाला शिकविता येतात. परिपाठानंतर दोन मिनिटे सावकाश श्वास घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. धडधड खाली येते. मैदानाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास व पुढील वयात आठ ते दहा तास झोप लागते, हे पालकसभेत सांगावे. हल्ली मोबाईल त्या झोपेत वाटा मागतो. आणखी एक पद्धत दिल्लीच्या शासकीय शाळांत 'संगाथ'नेच वापरली आहे: अडचण नेमकी सांगणे, पर्याय काढणे, एक करून पाहणे. "मला काहीच येत नाही" ही अडचण नव्हे. "वेचणीसाठी दहा दिवस गैरहजर होते, अपूर्णांक राहून गेले" ही अडचण. मैत्रिणीची वही, शाळेपूर्वीचा अर्धा तास, किंवा गुरुजींनी वडिलांशी बोलणे, हे पर्याय. त्यांतील एक तिने निवडावा, आणि आठ दिवसांनी काय झाले ते पाहावे. पर्याय मुलीनेच निवडावयाचा, हे मुख्य.

शेवटचे काम सर्वांत नाजूक आहे. मूल जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागले, आवडत्या वस्तू वाटू लागले, निरवानिरवीचे बोलू लागले, तर "तुला जीव द्यावासा वाटतो काय?" असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मुलाला ओझे उतरविण्यास जागा मिळते. अशा मुलाला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासू माणसाला त्याच दिवशी बोलावावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते, व मराठीतही बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत जाण्यास पालक कचरत असतील, तर "वेड्याचा डॉक्टर" या शब्दाची भीती आधी घालवावी लागेल. ताप आला असता आपण दवाखान्यात जातो, त्यात जितकी लाज, तितकीच यात असावी.

बंधु-भगिनींनो, हे सांगताना शिक्षकाचेही मन आहे, हे मी विसरलो नाही. त्यालाही १४४१६ खुला आहे, आणि सहकाऱ्याजवळ दोन शब्द बोलण्याने त्याची योग्यता कमी होत नाही. माझी विनंती लहानशी आहे. उद्या हजेरी घेताना प्रत्येक नावापाशी क्षणभर मान वर करून त्या मुलाकडे पाहावे. ज्या चेहऱ्यावर महिन्यापूर्वीचे हसू दिसत नसेल, त्याच्याशी मधल्या सुट्टीत बोलावे. एवढे झाले तरी आजच्या मेळाव्याचे सार्थक झाले असे मी समजेन.