‘त्या वेळी बाई कुठे होत्या?’

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



वर्गात मुलाला इजा झाली की पहिला प्रश्न येतो, ‘त्या वेळी बाई कुठे होत्या?’ दुसरा आईला, ‘मस्ती करू नको म्हणून सांगितलं नव्हतं का?’ दोन्ही प्रश्न बायकांनाच. संस्थाचालक कुठे होते, हे कुणी विचारत नाही.

कायदा मात्र ते विचारतो. मे १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेच्या सहलीतली १४ मुलं बियास नदीत बुडाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या हयगयीबद्दल शाळेलाही जबाबदार धरलं आणि प्रत्येक मुलामागे ५ लाखांची भरपाई कायम केली. ती घटना नदीवरची, पण तत्त्व वर्गाला आणि प्रयोगशाळेलाही तेच.

प्रत्येक पडणं म्हणजे हयगय नव्हे, हेही आपण मान्य करायला हवं. धावताना मूल ठेचकाळलं, तर त्यात कुणाचा दोष? पण उघडी वायर महिनोन् महिने लोंबकळते आहे, मुलांच्या हातात ॲसिड आहे आणि जवळ कुणी नाही, तर धोका दिसत होता. तो टाळायला काय केलं, एवढंच विचारायचं.

मारहाणीला तर सबबच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. ‘आम्हीही मार खाल्लाच की,’ हे आपल्याच बैठकीत ऐकलं की मला चीड येते.

आता बाईंचं. याच कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. एका बाईच्या गळ्यात ६० मुलं आणि शेजारचा वर्गही घातला असेल, तर हयगय कुणाची? शिक्षिकांनी ही तक्रार आधीच लेखी द्यावी, पोच घ्यावी.

आईनेही तसंच करावं. ‘दवाखान्याचं बिल भरतो, तक्रार नको,’ म्हणत संस्थेची माणसं घरी येतात, कागद पुढे करतात. लगेच सही करू नये. इजा शाळेत, कशी झाली, हे केसपेपरवर डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. जागेचे फोटो काढावेत. मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा, शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी. दाद लागली नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. पोलिसांत जाताना आईला एकटीला पाठवू नका, दोघीतिघी सोबत जा.