बारीक अंग आणि लिव्हरची चरबी

गेवराईत सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती येतो, त्यात 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' लिहिलेलं असतं आणि माणूस चक्रावतो. दारूला कधी शिवलो नाही, ऊसतोडीच्या कामानं अंग काटक; मग लिव्हरला चरबी आली कुठून?

बारीक अंग ही हमी नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

सोनोग्राफीतूनही लिव्हरमधली चरबी 20 टक्क्यांच्या आत असली की सहज निसटते. सुईनं तुकडा काढावा, तर तो लिव्हरच्या जेमतेम पन्नास हजाराव्या भागाएवढा.

नेमका आकडा देते ती एमआर स्पेक्ट्रोस्कोपी. एमआरआयच्याच यंत्रात ती होते. 3 टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे साठ हजार पट. त्यात पाण्यातली आणि चरबीतली हायड्रोजनची अणुकेंद्रं रेडिओलहरींना उत्तर देतात, तेही 128 मेगाहर्ट्झच्या आसपास. तुमच्या एफएमची पट्टी 108 ला संपते, त्याच्या थोडं पुढे. मला यात फार सुंदर वाटतं ते हे, की चरबीचा सूर पाण्याच्या सुरापेक्षा सेकंदाला सुमारे 430 कंपनांनी खाली लागतो. दीड टेस्लावर हे अंतर निम्मंच. चुंबक जबर, तितके सूर सुटे. रुग्णानं श्वास रोखायचा. मोठ्या रक्तवाहिन्या टाळून लिव्हरचा दोन-तीन सेंटिमीटरचा ठोकळा निवडतात आणि दोन्ही संकेतांच्या बेरजेत चरबीचा वाटा काढतात. अमेरिकेत डॅलसच्या अभ्यासानं 2005 साली सामान्य चरबीची वरची मर्यादा ठरवली, 5.56 टक्के.

ही तपासणी सरसकट कुणी करून घ्यायची नाही. नव्या औषधानं चरबी खरंच उतरली का, हे पाहायला संशोधक ती वापरतात. आपल्याकडे सुरुवात साध्या टेपनं होते. 2021 साली केंद्र सरकारनं फॅटी लिव्हरचा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तिशीपुढच्यांचा फॉर्म भरताना आशाताई कंबर मोजतात. पुरुषाची 90, बाईची 80 सेंटिमीटरच्या वर भरली, तर साखर आणि लिव्हरच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि टेप जाड कपड्यांवरून लावू देऊ नका.