औषधाचे पेटंट आणि हरकतीचा अधिकार



क्षयरोगावरील एका औषधासंबंधी मी आज बोलणार आहे. बेडाक्विलिन हे त्याचे नाव. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर ते देतात. दाटीच्या वस्त्यांतून राहिलेल्यांना हा रोग म्हणजे काय, हे सांगावयास नको. पूर्वी अशा रोग्यांना महिनोन्महिने कानामायसीनसारखी इंजेक्शने टोचीत आणि त्यांपैकी कित्येकांची श्रवणशक्ती त्या उपचारानेच जाई.

बेडाक्विलिनचे पेटंट जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीकडे होते. पेटंट म्हणजे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे ते औषध दुसऱ्या कोणी करू नये, अशी सरकारने दिलेली मक्तेदारी होय. तिच्या मोबदल्यात कंपनीने आपला शोध उघड करावयाचा असतो. मुदत संपली की इतर कारखान्यांनी तेच औषध करावे, चढाओढ व्हावी आणि किंमत उतरावी, अशी ही योजना आहे. एवढ्यापुरता हा सौदा अगदीच वाईट नाही. खरे दुखणे पुढेच आहे. काही वर्षांनी तेच औषध एखाद्या क्षाराच्या रूपात मांडावयाचे, त्यावर दुसरे पेटंट मागावयाचे आणि मक्तेदारीची आणखी वर्षे पदरात पाडून घ्यावयाची! बेडाक्विलिनचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. त्याच्या फ्युमरेट क्षारावरील अर्ज मंजूर झाला असता, तर ही मुदत २०२७ पर्यंत लांबली असती.

सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळते, मग आपणास त्याचे काय, असे कोणी विचारील. फुकट मिळते ते रोग्याला. सरकारला ते विकतच घ्यावे लागते, आणि किती रोग्यांना पुरेल एवढे घ्यावयाचे, हे किंमतच ठरविते.

१९७० च्या कायद्याने आपल्या देशात औषधावर पेटंट मिळत नसे. ते करण्याच्या पद्धतीवर तेवढे मिळे. जागतिक व्यापार करारापायी १ जानेवारी २००५ पासून औषधावरही ते देणे भाग पडले. तथापि त्याच वेळी संसदेने कलम ३(डी) मध्ये अशी अट घातली की, ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने गुण अधिक येत नसेल तर त्यास पेटंट नाही. याच कलमान्वये सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाबाबत नोव्हार्टिस कंपनीचे अपील फेटाळले.

दुसरे कलम २५(१). पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणत्याही व्यक्तीस हरकत घेता येते. ‘कोणत्याही व्यक्तीस’ हे शब्द कायद्याचेच आहेत. त्यांचा आधार घेऊन २०१९ साली मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी फ्युमरेट क्षाराच्या अर्जावर हरकत घेतली. दोघीही क्षयातून वाचलेल्या. दोघींचीही श्रवणशक्ती उपचारात गेलेली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज नामंजूर केला, आणि त्या जुलैत मूळ पेटंट संपताच इतर कारखान्यांना वाट मोकळी झाली.

मार्च २०२४ च्या नियमांनी मात्र हे दार अरुंद केले आहे. हरकतीस आता फी पडते, आणि ती ऐकून घेण्याजोगी आहे की नाही हे कंट्रोलर आधी ठरवितो. ज्याच्याजवळ वकील नाही त्याची हरकत या उंबरठ्यावरच अडेल, अशी मला भीती वाटते. मूळ अधिकार अद्याप कायम आहे. अर्ज पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत लेखी हरकत देता येते. हे जर्नल दर शुक्रवारी निघते.