घर, पगार आणि वाट



मुलाने पुण्यास जावे की माधवनगरातच राहावे, हा प्रश्न आज आपल्या घरोघर आहे. पुण्याचा पगार मोठा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पगार आणि शिल्लक यांच्यामध्ये घरभाडे व प्रवास हे दोन वाटेकरी उभे असतात. स्थळ पाहताना त्यांची चौकशी कोणी करीत नाही!

समजा, येथे 25,000 रुपये मिळतात आणि तेथे 40,000. खोलीस 12,000 व जाण्यायेण्यास 3,000 गेले की दोन्ही पगार एका पातळीस आले. कारण येथे वडिलार्जित घर आहे. शिवाय रोजचे दोन तास वाटेत गेले, तर महिन्याच्या 25 दिवसांत 50 तास होतात. म्हणजे आठ तासांचे सहा दिवस आणि वर दोन तास. या बिनपगारी दिवसांत मुलांचा अभ्यास घेणे राहून जाते, वृद्धांची विचारपूसही राहते.

घर आणि काम जवळ असावे, ही दृष्टी आपल्या भागास नवी नाही. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा कामगारांची वस्तीही त्याच्या शेजारीच वसविली. आपल्या गावातही कापडगिरणी होती तोवर पुष्कळांचे काम पायांच्या अंतरावर होते. गिरणी बंद पडली आणि वाट लांबली. सांगली ती काय चार-पाच किलोमीटर. पण 2023 साली चिंतामणीनगरचा रेल्वेपूल नव्या बांधणीसाठी पाडला, तेव्हा एवढीशी वाटही किती महाग पडते, ते नित्य जाणाऱ्यांनी अनुभविले. सांगलीत नदीकाठी स्वस्त खोली घ्यावी, तर 2005, 2019 आणि 2021 चे महापूर आठवतात.

तथापि सर्वांनी येथेच राहावे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या विद्येस येथे कामच नाही, ती शिकलेल्या मुलास घरी बसविणे हा त्याच्यावर अन्याय होय. पुढे तेथील पगार वाढतो, हेही खरे. आमचा आक्षेप आहे तो पहिल्याच वर्षी येथील घर विकून तेथे कर्जाची सदनिका घेण्यास. एकदा विकलेले घर पुन्हा त्याच किमतीस मिळत नाही, आणि परतावयाचे झाल्यास ठिकाण उरत नाही.

म्हणून मंडळाने आपल्या निधीतून पुण्यात काही खोल्या भाड्याने घ्याव्यात, आणि नव्याने नोकरीस लागलेल्या आपल्या मुलामुलींस त्या पहिले एक वर्ष अल्प दराने द्याव्यात, अशी आमची सूचना आहे. मुलींच्या खोल्या आधी घ्याव्यात. त्यांना जागा मिळण्यास अधिक अडचण पडते. ही सूचना कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे.