जखमेआधी काय झालं?
कामतघर या यंत्रमागांच्या वस्तीत मागांची खडखड रात्रीही चालते. त्यात लेकीचं गप्प होणं ऐकू येत नाही. मग एक दिवस आईला तिच्या हातावर तिनेच केलेल्या जखमा दिसतात. ताई, ओरडू नका. ही नाटकं नव्हेत; सोसवत नाही अशी घालमेल तिला शब्दांत सांगता येत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी घडवलेली ‘डीबीटी’ ही उपचारपद्धती इथे उपयोगी पडते. समुपदेशक विचारतात, जखमेआधी काय झालं? कोण काय बोललं? एकेक दुवा उलगडत, भावनेची लाट ओसरेपर्यंत तग कसा धरायचा, हे मूल शिकतं. सोबत आईवडीलही शिकतात. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. मरणाची भाषा असेल, तर थेट रुग्णालय गाठा. एरवी ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो, मराठीतही.